ड्राय आहे का?

आमच्या घरापासून चालत सात मिनिटांवर एक दुकान आहे. पाटीवर दोन फुटी लाल अक्षरांत ‘वाईन्स’ असं लिहिलंय. एकवचनावर भागलेलं नाही. आत व्हिस्की आहे, रम आहे, व्होडका आहे, बिअरसाठी काचेच्या दारांचे तीन फ्रीज आहेत आणि दारात खाऱ्या शेंगदाण्यांच्या पुड्यांच्या माळा आहेत. वाईनही आहे. ती सगळ्यात वरच्या फळीवर, ट्यूबलाइटला खेटून उभी असते. तिथवर हात पोहोचत नाही म्हणून दुकानात एक स्टूल ठेवलंय. त्या स्टुलावर मालक बसतात.

माझी गरज फार मोठी नाही. रविवारी रात्री जेवताना आम्ही नवराबायको एकेक पेला घेतो, उरलेली बाटली झाकण लावून फ्रीजमध्ये जाते आणि बुधवारपर्यंत संपते. बुधवारनंतर तिच्यात राम राहत नाही. एवढ्यासाठी मला आठशेच्या आतबाहेरची, बरी, प्यायल्यावर कुणाला फोन करून सांगावंसं वाटू नये अशी बाटली हवी असते. थोडक्यात, रोजची वाईन.

हा शब्द मी एकदा सोसायटीच्या जिन्यात वापरला. मराठीत ‘रोजचं’ हे विशेषण तसं सोज्ज्वळ आहे. रोजचे तांदूळ, रोजची चप्पल, रोजची साडी म्हटलं की माणूस काटकसरी आहे एवढंच कळतं. रोजची वाईन म्हटलं की ऐकणारा आवाज खाली आणून विचारतो, “केव्हापासून?” तळमजल्यावरच्या काकांनी दुसऱ्याच दिवशी मला एका समुपदेशकाचं कार्ड आणून दिलं. काका स्वतः रात्री जेवणानंतर द्राक्षासव घेतात. द्राक्षं, गोडाचा अंश आणि धायटीची फुलं आंबवून ते करतात, आणि बाटलीवर ‘स्वयंजनित अल्कोहोल’ असा उल्लेख असतो. वाईनमधला अल्कोहोलही स्वयंजनितच. द्राक्षातली साखर यीस्ट खातं आणि तो होतो. वरून कुणी ओतत नाही. पण हे विशेषण वाईनवाल्यांना वेळेवर सुचलं नाही. त्यामुळे काकांची बाटली देवघराशेजारच्या फडताळात असते आणि माझी फ्रीजमध्ये कोथिंबिरीच्या जुडीमागे.

मागच्या 1 ऑक्टोबरला मी त्या दुकानात गेलो. तारखेकडे माझं लक्ष नव्हतं. बाकी सगळ्यांचं होतं. रांग रस्त्यापर्यंत आलेली. माझा नंबर लागला.

“शेनिन ब्लाँ आहे का?”

“काय?”

“शेनिन ब्लाँ. पांढरी.”

“चेनिन ब्लँक म्हणा की.”

म्हटलं. फ्रेंचांची आणि माझी गाठ पडण्याची शक्यता कमी. मालकांची आणि माझी रोजची.

“ड्राय आहे का?”

मालकांनी माझ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. “आज नाही,” ते म्हणाले. “ड्राय उद्या.”

मागून कुणीही हसलं नाही, कारण उत्तर बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी गांधी जयंती होती. रांगेतले सगळे जण त्याच चिंतेनं आले होते.

ड्राय वाईन म्हणजे जिच्यातली बहुतेक सगळी साखर आंबून गेली आहे, जी गोड लागत नाही ती. हे मी रांगेला समजावून सांगू शकलो असतो, पण रांगेला घाई होती. आमच्या दुकानात वाईनचे दोनच प्रकार मानतात: गोड आणि कडू. गोड म्हणजे पोर्ट. गोव्याला जाऊन आलेल्या प्रत्येक मराठी माणसाची वाईनशी पहिली ओळख या पोर्टनं करून दिलेली असते, आणि पुष्कळांची तीच शेवटची ठरते. पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरावरून जिला नाव पडलं त्या वाईनशी हिचं नातं आडनावापुरतं. कडू म्हणजे बाकी सगळ्या. त्या ‘ज्यांना सवय आहे’ त्यांच्यासाठी असतात.

मालक स्टुलावरून उठले, स्टुलावर चढले, आणि एक बाटली जाळीच्या खिडकीतून बाहेर आली. मी ती उलटी करून मागची चिठ्ठी वाचायला घेतली. आता मला साल बघायचं होतं. शेनिन ब्लाँ हे फ्रान्समधल्या लुआर नदीच्या खोऱ्यातलं द्राक्ष. 1990 च्या दशकाच्या शेवटी ते नाशिककडे लावलं गेलं आणि चांगलं रुजलं. नाशिकच्या स्वस्त आणि बऱ्या वाईनमध्ये त्याची वाईन अगदी पुढे. पण अशी साधी पांढरी वाईन ताजी प्यायची असते. युरोपात द्राक्षतोड पावसाळा संपता संपता होते, आपल्याकडे ती जानेवारी ते मार्चमध्ये उरकते. म्हणजे ऑक्टोबरात दुकानात त्याच वर्षीची बाटली मिळायला हरकत नसते. फार तर आदल्या वर्षीची.

मी साल बघितलं. त्या साली माझी मुलगी कॉलेजात होती. आता ती श्टुटगार्टला नोकरी करते आणि तिला स्वतःच्या हाताखाली चार माणसं आहेत.

“ही फार जुनी आहे,” मी म्हणालो.

“वाईन जुनीच चांगली ना, साहेब,” मालक म्हणाले, आणि रांगेतून दोघातिघांनी मान डोलावली.

या एका समजुतीनं महाराष्ट्रात जेवढी वाईन वाया घालवली असेल तेवढी उन्हाळ्यानंही घातली नसेल. जगातली बहुतेक वाईन दोन-तीन वर्षांत पिऊन टाकण्यासाठीच केलेली असते. मुरतात त्या थोड्या, आणि त्याही अंधारात, गारव्यात, बुचाच्या बाटल्या आडव्या ठेवून मुरतात; उभ्या ठेवल्या तर बूच सुकतं आणि हवा आत जाते. माझी बाटली ट्यूबलाइटखाली, पत्र्याच्या छपराला डोकं लावून, पुण्याचे किती मे महिने उभी होती ते तिलाच ठाऊक. ती मुरली नव्हती. सेवानिवृत्त झाली होती.

“ओ काका, घ्या लवकर,” मागून आवाज आला. घेतली. काळ्या पिशवीत घालून, वर्तमानपत्रात गुंडाळून मिळाली. गुंडाळायला पान कोणतं घ्यावं याचा काही नियम नसतो. मला संपादकीय आलं.

आता मूळ तक्रार. किमतीबद्दल माझी तक्रार नाही, मालकांबद्दल तर नाहीच. त्यांच्याकडे वाईनसाठी फळी आहे हीच मोठी गोष्ट. त्याच रस्त्यावर पुढे एक सुपरमार्केट आहे. तिथे मी दर महिन्याला तूरडाळीपुढे दहा मिनिटं उभा राहतो. पाच प्रकारच्या डाळी असतात. मी पाकिटं उलटीपालटी करतो, किलोचा भाव काढतो, पॅकिंगची तारीख बघतो, एक पाकीट टोपलीत टाकतो, पुढे जाऊन परत येतो आणि बदलतो. आजवर एकाही माणसानं मला “केव्हापासून?” असं विचारलेलं नाही. उलट शेजारच्या बाई मला विचारतात, ही शिजते का हो पटकन? मला वाईनपुढे अशी दहा मिनिटं हवी आहेत. निर्लज्जपणे नव्हे, कंटाळलेल्या चेहऱ्यानं, टोपलीत रिन आणि रवा असताना.

ही दहा मिनिटं मला मिळणार होती. 27 जानेवारी 2022 रोजी राज्याच्या मंत्रिमंडळानं ठरवलं की हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटात ‘शेल्फ इन शॉप’ पद्धतीनं वाईन ठेवता येईल. शाळा आणि प्रार्थनास्थळांजवळच्या दुकानांना मनाई होती. वर्धा, गडचिरोलीसारख्या दारूबंदीच्या जिल्ह्यांना हे लागू नव्हतं. कारण दिलं होतं द्राक्ष शेतकऱ्यांचं. त्यातही नवं काही नव्हतं, कारण 2001 पासून राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आहे आणि विंचूरला नि पलूसला सरकारनंच वाईन पार्क काढून ठेवलेत. मी त्या संध्याकाळी हिला म्हणालो की रोजची वाईन घ्यायला आता रोजची पिशवी घेऊन जाता येईल. ही म्हणाली, पिशवी आधी शिवून आण.

दुसऱ्या दिवसापासून महाराष्ट्र जागा झाला. वाईन म्हणजे दारू की दारू नव्हे, यावर टीव्हीवर चर्चा झाल्या. ‘मद्यराष्ट्र’ असा एक नवा शब्द भाषेला मिळाला. अण्णा हजारे यांनी 14 फेब्रुवारीपासून उपोषणाची घोषणा केली आणि मग राळेगणसिद्धीच्या ग्रामसभेनंतर ते स्थगित केलं. जूनअखेर सरकारच बदललं. एवढ्या सगळ्या काळात, पाटीवर ‘वाईन्स’ लिहून रात्री दहापर्यंत रम विकणाऱ्या दुकानाबद्दल कुणीही एक शब्द उच्चारला नाही. वाईनचं फडताळ काही आलं नाही. सुपरमार्केटात त्या कोपऱ्यात सध्या डाएट खाकरा असतो.

देशातली बहुतेक वाईन ज्या राज्यात होते त्या राज्यातली ही गोष्ट आहे. नारायणगाव माझ्या घरापासून दोन तासांवर आहे. तिथे 1980 च्या दशकात फसफसणारी वाईन केली गेली आणि ती परदेशात विकलीही गेली. साता समुद्रापार गेली ती बाटली. रस्त्यापलीकडच्या सुपरमार्केटात तिला यायला जमलेलं नाही.

कायद्याच्या बाजूनं मी चोख आहे. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली पिणाऱ्याला परवाना लागतो, हे माझ्या ओळखीत फक्त मला माहीत आहे. एका दिवसाचा 5 रुपये, वर्षाचा 100, आजन्म 1000. मी आजन्म घेतला. दहा वर्षं जगलो तर पैसे वसूल, त्यापुढे निव्वळ नफा. या एका कारणासाठी आता मला जगायचं आहे. परवाना हातात आल्यावर मी तो दुकानाच्या मालकांना दाखवला. त्यांनी तो प्रकाशात धरला, दोन्ही बाजूंनी पाहिला आणि विचारलं, “हे कुठल्या बँकेचं?”

गेल्या वर्षी मुलीकडे श्टुटगार्टला गेलो. पहिल्याच संध्याकाळी तिनं दूध आणायला म्हणून सुपरमार्केटात नेलं आणि मी तिथेच राहिलो. दुधापासून पंधरा पावलांवर वाईनची भिंत होती. त्या शहरात ट्रामच्या खिडकीतून डोंगरउतारावरचे द्राक्षांचे मळे दिसतात, आणि खालच्या दुकानात त्या भागातल्या सहकारी संस्थांची वाईन असते. होय, सहकारी. आपल्याकडे सहकार म्हटलं की ऊस. तिकडे शेतकरी द्राक्षं घेऊन संस्थेत येतात. ट्रोलिंगर नावाच्या द्राक्षाची फिकट तांबडी वाईन, बाटली पाऊण लिटरची नव्हे, पुरी एक लिटरची, झाकण फिरकीचं, किंमत पाच-सहा युरो. जुने लोक ती कान असलेल्या जाड काचेच्या पेल्यातून पितात. मुलीनं असा पेला दाखवला तेव्हा मला गहिवरून आलं. वाईन कपातून पिणारा समाज मी आयुष्यभर शोधत होतो.

स्वस्ताईचं कारण मुलीनं सांगितलं. जर्मनीत साध्या वाईनवर अबकारी कर शून्य आहे. फसफसणाऱ्या वाईनवर मात्र आहे. तो 1902 साली कैसरच्या आरमारासाठी बसवला होता. पहिल्या महायुद्धानंतर ते आरमार समुद्राच्या तळाशी गेलं. कर मध्ये काही वर्षं थांबून परत आला आणि अजून चालू आहे. हे ऐकून मला परदेशात असल्यासारखं वाटेना.

तर त्या भिंतीपुढे मी उभा राहिलो. दहा नव्हे, चाळीस मिनिटं. कुणी हटकलं नाही. हवं तेवढं वाचायला मिळालं: ‘ट्रोकन’ म्हणजे ड्राय, ‘हाल्बट्रोकन’ म्हणजे निमगोड, साल कुठे, गाव कुठलं, भरली कुणी. सोनेरी-रुपेरी पदकांचे गोल स्टिकर होते. इतक्या बाटल्यांवर होते की पदक न मिळालेल्या बाटलीची मला दया आली. वजनदार बाटल्या होत्या, तळाला खोल खळगा असलेल्या. त्या वजनाचे पैसे काचेत जातात, वाईनमध्ये नाही, हे मी तोपर्यंत घोकून ठेवलं होतं. ‘रिझर्व्हा’ होत्या. स्पेनमध्ये आणि इटलीत या शब्दामागे किती महिने मुरवायची याचा कायदा आहे. आपल्याकडे मात्र तो शब्द मला रेल्वेच्या डब्यावर दिसतो तेवढाच भरवशाचा वाटतो. हे सगळं ज्ञान पणाला लावून चाळीस मिनिटांनी मी एक बाटली उचलली. मुलीनं विचारलं, “बाबा, हीच का?”

चित्रावर बदक होतं. बरं होतं बदक.

तेव्हा फडताळ मिळालं की निवड जमते, असा माझा दावा नाही. तूरडाळही मला चाळीस वर्षांत जमलेली नाही. पण चूक करायला तरी मोकळी जागा हवी.

परत आल्यावर वाटलं, परदेशी स्वस्त वाईन इथेच का मागवू नये? तर आयातशुल्क वर्षानुवर्षं दीडशे टक्के. 29 डिसेंबर 2022 पासून ऑस्ट्रेलियाशी करार लागू झालाय, तो मी आशेनं वाचला. पाच अमेरिकी डॉलरच्या वरच्या बाटलीला शुल्क 150 वरून 100 टक्के, पुढे दहा वर्षांत 50. पंधरा डॉलरच्या वरच्या बाटलीला लगेच 75, पुढे 25. आणि पाच डॉलरच्या खालच्या, म्हणजे तिथल्या माणसाच्या रोजच्या बाटलीला? तिला काही नाही. बाटली जितकी महाग तितकी सवलत जास्त. यामागे देशी उत्पादकांचं रक्षण हा हेतू आहे, आणि तो रास्तही असेल. पण गरिबाच्या डाळीला हा नियम लावला असता तर मोर्चा निघाला असता. गरिबाच्या वाईनसाठी कोण मोर्चा काढणार? ‘गरिबाची वाईन’ हा शब्द उच्चारला तरी लोक काळजीनं बघतात.

बाटली घरी आली की पुढच्या अडचणी. ‘रेड वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी’ असं जिथं तिथं लिहिलेलं असतं. ती खोली युरोपातल्या जुन्या दगडी घरातली, सोळा-अठरा अंशांची. माझी खोली मेमध्ये अडतीसची असते. त्या तापमानाला आपल्याकडे दही लावतात. म्हणून तांबडी वाईनसुद्धा मी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवतो, आणि पाहुणे मला अडाणी समजतात. वाईनबरोबर काय खावं, यावर सगळीकडे चीज सुचवतात. आमच्याकडे भरलं वांगं असतं. त्यावर तुरट तांबडी वाईन घेतली की तिखट दुप्पट होतं. किंचित गोडसर, गार शेनिन चालते. हे मला कुठल्या पुस्तकानं नाही, वांग्यानं शिकवलं.

पाहुण्यांचं वेगळं. बाटली फिरकीच्या झाकणाची दिसली की “स्वस्तातली दिसते” असं म्हणतात. बुचाची असली की बूच कोण काढणार यावर पंधरा मिनिटं जातात आणि अर्धं बूच आत जातं. फिरकीचं झाकण हवा बरोबर अडवतं, बूच कधीकधी वाईनला ओल्या पुठ्ठ्याचा वास लावतं, हे मी सांगतो. ते ऐकून घेतात आणि सोडा मागतात.

वर्षानुवर्षांच्या या अभ्यासातून माझ्या हाती चार नियम आले, ते इथे फुकट देतो. पांढरी शेनिन घ्या. साल चालू किंवा मागचं बघा. झाकण फिरकीचं असू द्या. आणि फळीवरची पुढची बाटली घेऊ नका, मागची मागा. पुढचीनं ट्यूबलाइट जास्त सोसलेला असतो. दुकानात मंगळवारी सकाळी अकराला जा, तेव्हा स्टूल रिकामं असतं. हा पाचवा झाला, पण तो सगळ्यात उपयोगी आहे.

बाकी सरकारनं फडताळ द्यावं की न द्यावं, हे सरकारनं बघावं. ज्यांना दारूनं मोडलेली घरं माहीत आहेत त्यांनी विरोध केला तर तो मी ऐकून घेईन. त्यांच्यापुढे माझी तक्रार लहान आहे, हे मला कळतं. माझी विनंती रांगेला आहे. ‘वाईन्स’च्या जाळीपाशी एखादा टक्कल पडलेला गृहस्थ चष्मा कपाळावर सरकवून बाटलीची मागची चिठ्ठी वाचताना दिसला, तर त्याला “ओ काका, घ्या लवकर” म्हणू नका. दोन मिनिटं थांबा. तो फक्त साल बघतोय.